भिजलेली पट्टी

पाण्याच्या ग्लासात बुडवलेली कागदाची पट्टी मी दोन्ही हातांनी ओढली. फाटेना! पेटंटच्या सुनावण्या घेता घेता माझे केस पांढरे झाले, पण असा हट्टी कागद पाहिला नव्हता. समोर बसलेल्या शमीमबींच्या सासऱ्यांनी तो पन्नास वर्षांपूर्वी दौलताबादजवळच्या त्यांच्या गावात हातानं बनवला होता.

पेटंट मागणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं की, भिजला तरी न फाटणारा कागद पहिल्यांदा आम्हीच केला, तेव्हा कुठल्याही वनस्पतीचा चिकट रस कागदात घालायचा हक्क फक्त आमचा. शमीमबींची वकील तीन वर्षं त्याविरुद्ध भांडत होती. ती त्यांचीच मुलगी.

"नुसता कागद दाखवून भागणार नाही," मी म्हणालो. "यात काय घातलंय, ते नोंदवावं लागेल." खरं तर मलाच राहवत नव्हतं.

मुलगी ओशाळली. "सर, मलाही माहीत नाही. आमच्यात ते फक्त सुनेला सांगतात. मुली परक्या घरी जातात ना."

शमीमबींनी ती ओली पट्टी माझ्या हातातून घेतली. सांगितलं तर कंपनीचा दावा पडणार होता, पण घरातलं गुपितही जगाचं होणार होतं.

"मेथ्या," अखेर त्या म्हणाल्या. "भिजवून, वाटून लगद्यात कालवायच्या. घ्या लिहून."

मी लिहून घेतलं. मुलगी मात्र केस विसरून आईकडे वळली होती.

"अम्मी, म्हणजे माळ्यावरचं ते पोतं बाळंतिणीच्या लाडवांसाठी नव्हतं?"