शंभर शब्दांतला एक

“दगड?” मास्तरांनी विचारलं.

“सत्य,” ती म्हणाली.

“पाणी?”

“शिकवण.”

“होडी?”

“आपली मंडळी.”

मागच्या बाकावर तिचा नवरा टोपी मांडीवर धरून बसला होता. सुतारकाम करायचा, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणत. बायकोचं उत्तर बरोबर आलं की त्याचा जीव भांड्यात पडायचा आणि पुढच्या शब्दाला पुन्हा टांगणीला लागायचा.

या मंडळीची शिकवणच तशी होती. पवित्र शास्त्रातला कुठलाही शब्द दिसतो तसा नसतो; दगड हा दगड नाही आणि पाणी हे पाणी नाही. खरे अर्थ एका पातळ पुस्तिकेत छापलेले, शंभर शब्दांचे. त्यातले बारा मास्तर विचारत. बाराही बरोबर आले तर रविवारी माणूस मंडळीत घेतला जाई आणि प्रार्थनेत हातोहात फिरणारं प्रभूच्या भाकरीचं ताट त्याच्यापुढे थांबे. एक जरी चुकला, तरी पुढच्या वर्षी या.

तिच्यापुढे ते ताट नऊ वर्षं थांबलं नव्हतं. तिला ते दिसत नसे. तिला काहीच दिसत नसे. पण डावीकडच्या हातातून उजवीकडच्या हातात ते तिच्या मांडीवरून जायचं, तेव्हा भाजलेल्या पिठाचा वास यायचा आणि निघून जायचा.

“झाड?”

“माणूस.”

मिस्त्रीला एवढ्यातही हसू आलं. हा अर्थ वाचला त्या दिवशी तो करवत हातात धरून बराच वेळ फळीसमोर नुसता उभा राहिला होता. “कापा हो आता,” ती म्हणाली होती, “तो काही ओरडायचा नाही.”

पुस्तिका त्यानंच तिला वाचून दाखवली होती. रोज दुपारी, कामाच्या खोलीत. ती खुर्च्यांच्या बैठका वेतानं विणत बसायची आणि तो चार-पाच शब्द वाचायचा. अक्षरं तो साठीला टेकल्यावर शिकला, याच मास्तरांच्या वर्गात. त्याचं वाचणं म्हणजे खडबडीत रस्त्यावरची हातगाडी. जोडाक्षर आलं की चाक रुतलंच. “स... सत्... सत्य.” ती हात न थांबवता वाट बघायची.

एका दुपारी ‘आंधळा’ हा शब्द आला. पुढे छापलं होतं: सत्य समोर असून ज्याला ते नको आहे तो.

मिस्त्रीनं ते मनातल्या मनात वाचलं. वर पाहिलं. ती वेताची पट्टी ताणून धरून थांबली होती. त्याच्या तोंडून भलतंच निघून गेलं. तिनं पट्टी खोचली आणि म्हणाली, “पुढचा.” पुढे सुधारून सांगायला त्याला धीर झाला नाही. शंभरातले बाराच तर विचारतात, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं.

अकरा शब्द झाले. मास्तरांनी पान उलटलं.

“आंधळा?”

मिस्त्रीच्या हातातली टोपी चुरगळली.

“ज्याच्यासाठी दुसरं कुणी वाचतं तो,” ती म्हणाली.

मास्तरांनी ओळीवर बोट ठेवलं. “असं नाही ते, बाई. नीट आठवा. घाई नाही.”

“आठवतंय मला.”

“पुस्तिकेत वेगळं आहे.”

“मग काय आहे ते वाचून दाखवा ना.”

मास्तरांनी तोंड उघडलं. बोट ओळीवर तसंच राहिलं. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मागे मिस्त्रीकडे, आणि पुस्तिका मिटली.

मिस्त्री उठून उभा राहिला. “मास्तर, तिची चूक नाही. ते मीच...”

“तुम्ही बसा हो,” ती मान न वळवता म्हणाली. “उत्तर माझं आहे.”

“मग मला पुढच्या वर्षी या असंच म्हणावं लागेल,” मास्तर म्हणाले. आवाज मऊ होता. कागदावर त्यांनी फुली मारली.

“येईन की.” ती उठली. उठता उठता तिनं खुर्चीच्या बैठकीखालून हात फिरवला. “ही माझ्याच हातची. मधे सैल झालीय. पाठवून द्या, आवळून देते.”

बाहेर तिनं त्याचा दंड धरला. मिस्त्री तिला घेऊन घराच्या वाटेला लागला. मग त्याला राहवेना.

“तुला कळलं होतं?”

“तेव्हाच.”

“कशावरून?”

“शंभर शब्द वाचलेत तुम्ही. नव्याण्णव ठेचकाळत. तो एकच सुतासारखा सरळ.”

तो थांबला. ती पण थांबली.

“खरा अर्थ ठाऊक होता तुला?”

“नऊ वर्षं प्रवचनं ऐकतेय. कान शाबूत आहेत माझे.”

“मग तोच सांगायचा होतास. ताट गेलं ना पुन्हा.”

“इथं पायरी आहे ना?” तिनं विचारलं.

“आहे. एकच.”

ती पायरी उतरली, आणि त्याच्या दंडावरची पकड पुन्हा नीट केली.

“उद्यापासून परत सुरू करा. पहिल्या पानापासून,” ती म्हणाली. “आणि त्या शब्दापाशी आलात ना, की जरा अडखळा.”