पिवळ्या पट्टीचा नंबर

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली तेव्हा त्याच्या बायकोच्या पिशवीतला फोन वाजत होता. थांबेना, म्हणून शेवटी त्यानं उचलला.

"बाई, जाळ्यात पिवळ्या पट्टीचा मासा आलाय. नंबर एकशे चार."

"बाई कामात आहेत," तो म्हणाला. "मी लिहून घेतो."

ती मत्स्य संशोधन केंद्रात होती. माशांच्या पाठीला नंबराची पट्टी लावून ते परत समुद्रात सोडायची. ज्याच्या जाळ्यात सापडेल त्यानं फोन करायचा. मासे कुठवर जातात ते त्यावरून कळायचं. केंद्राचा फोन कायम बंद, म्हणून पट्ट्यांवर तिनं स्वतःचाच नंबर छापून घेतला होता.

तो शिंपी. मशीनवरूनच फोन घ्यायचा, खडूनं कापडावर नंबर टिपायचा, मग तिच्या वहीत उतरवायचा.

"बाई आहेत का?"

"बाहेर गेल्यात."

खरं सांगायला जीभ वळत नव्हती. सांगितलं की संपलंच.

पुढे फोन कमी झाले. केंद्राचे साहेब म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर हे काम बंद. वही न्यायला येतो."

एका म्हाताऱ्या बोटवाल्याचा फोन आला तेव्हा काम बंद पडणार असल्याचं त्यानं सांगून टाकलं.

म्हातारा म्हणाला, "बरं. जेवलात का?"

"हो." पातेलं दोन दिवस पालथंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून फोनवर फोन. बाई आहेत का, असं मात्र कुणी विचारेना. एकशे त्रेसष्ट. दोनशे सात. दोनशे अठ्ठ्याऐंशी.

"लांबी?"

"बत्तीस. शेपटीच्या खाचेपर्यंत मोजलीय, बाईंनी शिकवली तश्शी. चुकलो तर मलाच पट्टी लावून सोडायच्या."

कितीतरी दिवसांनी तो हसला.

साहेब आले. वही चाळून खूश झाले. "चालू ठेवू की मग! उरलेल्या पट्ट्यांचं खोकं तेवढं द्या."

तो आतल्या खोलीत गेला. कपाटातून खोकं काढलं. चिकटपट्टी जशीच्या तशी होती. वर तिचं अक्षर: '१५१ ते ५००. लावायच्या राहिल्या.'

त्यानं ते आकडे पुन्हा एकदा वाचले. मग खोकं साड्यांच्या मागे सरकवलं.

"सापडत नाही," तो बाहेर येऊन म्हणाला.

फोन वाजला.

"नंबर चारशे बारा. जेवलात का?"

"नाही अजून," तो म्हणाला. "थांबा, लिहून घेतो."

बाई गेल्याचं बंदराच्या धक्क्यावर त्यानं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.