दारातलं जाळं

उद्या आमच्या काजिकी गावात आठ पायांच्या कोळ्यांच्या झुंजी, आणि आज दुपारी पाहतो तर आमच्या ह्यांची त्यासाठीच पाळलेली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची लाडकी कोळीण पडद्यावरून गायब! तिच्यासाठी महिनाभर घरात जळमटं काढायला बंदी होती. नेमकी तोक्योहून आलेली आमची नवी सून चिहारू, कोळी दिसला की किंचाळणारी, हातात झाडू घेऊन समोर उभी. ह्यांचा पारा चढला.

"झाडून टाकलीस ना तिला? खरं सांग, सूनबाई!"

खरचटलेला गुडघा चोळत चिहारू पुटपुटली,

 

"नाही हो, बाबा. माझ्या खोलीच्या दारात जाळं विणून बसलीय ती. मोडू नये म्हणून सकाळपासून मी खिडकीतून उड्या मारतेय."