समोर माणूस बसव

"परत म्हन," दगा म्हणाला, आणि गायत्रीने तीच ओळ पाचव्यांदा वाचायला घेतली.

परवा बारावीचा इंग्रजीचा पेपर. कोसाडच्या त्यांच्या दोन खोल्यांत बापलेक समोरासमोर बसले होते, तो खाटेवर, ती प्लास्टिकच्या खुर्चीत. पाच महिने हे असंच चाललं होतं. अमरोलीच्या लूमखात्यातून, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यातून, दगा संध्याकाळी सातला घरी आला, हातपाय धुतले, चहा घेतला, की बसायचं. अर्धा तास. सणवार असो नाहीतर घरात पाहुणे असोत, त्याने एका दिवसाचाही खाडा केला नाही.

सुरुवात झाली ती शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या प्रज्ञाबेनमुळे. पहिल्या परीक्षेत गायत्रीला शंभरात सव्वीस पडले होते. तिला नर्सिंगला जायचं होतं. इंग्रजीत गचकली तर नर्सिंग विसरून आईशेजारी साड्यांचे धागे कापत बसायचं, हे घरात ठरल्यातच जमा होतं. ती बेनपुढे रडली. बेन म्हणाल्या, गाइडमधली उत्तरं पाठ करायची आधी बंद कर. रोज धड्याचं एक पान मोठ्याने वाच, मग पुस्तक मिटून त्यात काय होतं ते आपल्या भाषेत सांग. पण भिंतीला सांगू नकोस, समोर माणूस बसव.

आता माणूस आणायचा कुठून? आईला, म्हणजे सरलाबाईंना, मान वर करायला फुरसत नव्हती. हातातल्या साडीकडे बघूनच त्या सगळ्या जगाशी बोलायच्या. शेजारची मनीषा हौसेने दोन दिवस बसली आणि तिसऱ्या दिवशी फिदीफिदी हसायला लागली. मग दगाच म्हणाला, माझ्यापुढे वाच. सरलाबाईंनी कपाळावर हात मारला. ह्या माणसाला दहा वेळा सांगितल्याशिवाय मीठ आणायचं कळत नाही आणि हा इंग्रजी ऐकणार, असं त्या साडीला म्हणाल्या.

पण काय सांगावं, तिसरी शिकलेला हा माणूस नेमका हवा तिथेच थांबवायचा. गायत्री एखादं वाक्य अर्थ न कळता रेटून न्यायला लागली की त्याचा हात वर. परत म्हन. मग ती मोबाइलवर अर्थ शोधायची, वाक्य लागलं की पुन्हा वाचायची, आणि तो मान डोलवायचा. पान संपलं की ती त्याला सगळं घरच्या अहिराणीत सांगायची, आणि तो लहान मुलासारखा पुढे सरकून बसायचा. प्रिलिममध्ये तिला एकसष्ट मिळाले. बेननी विचारलं, घरी ट्यूशन कोण घेतं? गायत्रीने ऐटीत सांगितलं, पप्पा.

आज मात्र धड्याच्या ऐन मध्यात लाइट गेली. खोलीत अंधार झाला. पेपर परवावर आलेला, थांबून कसं चालेल? गायत्रीने मोबाइलची बॅटरी पुस्तकावर धरली आणि वाचत राहिली. शेवटचं अख्खं पान वाचलं. दोन ठिकाणी अडखळली, एक वाक्य तर काहीच न समजता गिळून टाकलं. पप्पांनी एकदाही थांबवलं नाही. आता आपल्याला जमायला लागलं, असं वाटून ती मनातून खूश झाली.

लाइट आली. दगाने डोळे चोळले आणि म्हणाला, "बरं केलं, थांबली ते. वाच आता शेवटचं पान."

गायत्रीने तर ते आत्ताच वाचून संपवलं होतं. मग तिने पुस्तक तोंडापुढे धरलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, पप्पा, पाणी देऊ का? तो हसऱ्या चेहऱ्याने तसाच बसून होता. पुस्तक खाली घेऊन तिने तेच पुन्हा विचारलं. तो म्हणाला, दे.

बावीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेला माणूस. खात्यात कोणाला कोणाचं ऐकूच जात नाही, सगळे एकमेकांच्या ओठांवरून ओळखतात, आणि घरी आले तरी ओरडूनच बोलतात. अशा गल्लीत कोणाचे कान गेले ते कळणार तरी कसं? पण तिला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पाच महिने ज्याच्या मान डोलवण्यावर ती विसंबली, त्याला त्यातला एक शब्दही ऐकू गेला नव्हता. आणि पेपर परवा होता.

"पप्पा, तुम्हाला ऐकूच येत नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मग मी कुठं चुकते ते तुम्हाला कसं कळायचं?"

दगा ओशाळला. "माले काय कळतं इंग्रजी, बेटा," तो म्हणाला. "तुला समजलेलं असलं की वाचता वाचता तू मान वर करते, माझ्याशी बोलते. नसलं समजलं की नुसते ओठ हालतात. तेवढं दिसतं माले."

गायत्रीने आठवून पाहिलं. खरंच होतं ते. बेननी माणूस बसव म्हटलं होतं ते यासाठीच. तिची भीती ओसरली, आणि तिला बापाची इतकी माया आली की पाठोपाठ रागही आला. मागे सरलाबाई साडीवर वाकून विचारत होत्या, भात लावू की खिचडी टाकू. त्यांनी तीनदा विचारलं. दगापर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं.

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्या कोणापुढे वाचायला बसली असती," दगा म्हणाला. "मग माझ्याशी कोण बोललं असतं?"