वायरचं दुसरं टोक

संगणकाच्या प्रत्येक पडद्यावर एकच गोल फिरत होता. परीक्षेचं पान काही उघडत नव्हतं.

मुलं हात मांडीवर ठेवून गप्प बसली होती. निवासी विज्ञान शाळेच्या प्रवेशाची परीक्षा. वयाची अट अशी, की ती एकदाच देता येते. आज हुकली की हुकली.

उपमुख्याध्यापक आजचे केंद्रप्रमुख होते. ते फोन हातात घेऊन दारात उभे होते. "ताई, वरून सारखी विचारणा होतेय. आता सुरू झालं नाही, तर केंद्र रद्द म्हणून कळवावं लागेल."

"कळवू नका, सर. बघते." शाळेचे संगणक सांभाळणारी ताई टेबलाखालून बोलली. तिचे फक्त पाय दिसत होते. मुख्य संगणक तिने बंद करून पुन्हा चालू केला होता. पानं क्षणभर उघडली, मुलं सरसावून बसली, आणि गोल पुन्हा फिरू लागला.

"मशिनी म्हाताऱ्या झाल्यात, दुसरं काय!"

"काल सराव परीक्षेत तर पळत होत्या. एका रात्रीत कुणी म्हातारं होतं का, सर?" ताई बाहेर आली, गुडघे झटकले आणि मुलांकडे वळली. "काल संध्याकाळपासून इथं काय काय बदललं? आठवा बघू."

"खोली झाडली."

"टेबलं सरळ रांगेत लावली."

"खिडक्यांचे पडदे धुतले!"

"पडद्यांचा दोष नसावा," ताई म्हणाली. तिने भिंतीवरच्या पेटीकडे बोट दाखवलं. खोलीतल्या सगळ्या वायरी त्या पेटीत येऊन मिळत होत्या. प्रत्येक वायरीजवळ एक हिरवा दिवा होता, आणि सगळे दिवे एकदम, न थांबता लुकलुकत होते.

"छान दिसतंय," शेवटच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली.

"छान नाही गं. बाई वर्गाबाहेर गेल्या की तुमचा वर्ग कसा होतो?"

"सगळे एकदम बोलतात."

"तेच चाललंय इथं. कुठंतरी एकच हाक गोल फिरून पुन्हा पुन्हा परत येतेय, आणि सगळे तिला ओ देतायत. त्या गोंगाटात परीक्षेचं कोण ऐकणार?"

कुठली वायर कुणाची, ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या खोलीला रंग देताना निघून गेल्या होत्या. ताईने पेटीतल्या वायरींवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मनातला आकडा ओळखायचा खेळ खेळता ना? पन्नासच्या वर की खाली?"

"हो!"

"चला तर." तिने अर्ध्या वायरी उपसून काढल्या.

"अहो, आहे तेही काय उपटताय!" उपमुख्याध्यापक आत धावले.

"पोट कुठं दुखतंय ते दाबल्याशिवाय कळत नाही, सर." तिची नजर दिव्यांवर होती. उरलेले दिवे तसेच पिसाटले होते. "बोला, चोर कुठं?"

"उरलेल्यांत!" वर्ग ओरडला.

तिने त्यातल्या अर्ध्या काढल्या. दिवे एकदम शांत झाले.

"आता काढलेल्यांत!"

मग त्यातल्या अर्ध्या परत लावल्या. मग त्यांच्या अर्ध्या. प्रत्येक वेळी मुलं आधी सांगत आणि ताई नंतर हात घाली. शेवटी तिच्या हातात एकच वायर उरली. लावली की दिवे पिसाट, काढली की शांत. तिने ती हलकेच ओढली. "कुणाच्या पायाशी काही हललं?"

"माझ्या! डबी सरकली!" मघाचीच मुलगी टेबलाखाली वाकली. मागच्या रांगेच्या वायरी तिथल्या एका छोट्या डबीत एकत्र येत होत्या आणि तिथून एकच वायर पेटीकडे जात होती. खालून तिचा आवाज आला, "ताई, एक वायर या डबीतून निघते आणि याच डबीत शिरते. सापानं स्वतःचं शेपूट तोंडात धरल्यासारखी."

उपमुख्याध्यापकांनी घसा खाकरला.

"ते टोक... लोंबकळत होतं काल. कुणाच्या पायात अडकलं असतं. शेजारी रिकामं भोक दिसलं." ते थांबले. "मीच खोचलं."

मुलांनी ओठ घट्ट मिटून घेतले. एकाला ठसका लागला.

"सांगितलंत ते बरं केलंत, सर," ताई म्हणाली. "नाहीतर मी काढलं असतं आणि उद्या तुम्ही पुन्हा खोचलं असतं." मग ती वाकून म्हणाली, "काढ गं ती."

"मी?"

"मग काय मी तिथवर रांगत येऊ? खटका दाब आणि ओढ."

टक् असा आवाज झाला. मुलीने मोकळी वायर हातात धरून वर दाखवली. ताईने पेटीतल्या सगळ्या वायरी एकेक करून जागेवर बसवल्या. दिवा लुकलुके, थांबे, पुन्हा लुकलुके. एक बोले तेव्हा दुसरा ऐकून घेई.

"उघडा आता पान."

पहिली रांग उघडली. दुसरी. मग मागची. प्रत्येक पडद्यावर पहिला प्रश्न आला. मुलांनी ओरडायला तोंडं उघडली, तोच उपमुख्याध्यापकांनी ओठांवर बोट ठेवलं. "शू! परीक्षा सुरू झालीय."

मग कुणी आवाज केला नाही. एका मुलाने सामना जिंकल्यासारखे दोन्ही हात वर केले. मग शेजारच्याने. मग रांगच्या रांग, आणि पाहता पाहता अख्खी खोली हात वर करून निःशब्द बसली होती.

तेवढ्यात फोन थरथरला. "हो," उपमुख्याध्यापक कुजबुजले. "झाली सुरू... हो, सगळ्यांची." आणि फोन कान-खांद्यात दाबून धरत त्यांनीही दोन्ही हात वर केले.