पाठमोरा
सभागृहात धरणावरचा माहितीपट बघताना निवृत्त सरकारी कॅमेरामन असलेले आजोबा नातीजवळ सारखे कुरकुरत होते, “सगळं एकतर्फी. उद्घाटनाला मी स्वतः होतो. लोक टाळ्या वाजवत होते.” तेवढ्यात पडद्यावर तेच उद्घाटन आलं, पण गर्दीच्या मागून टिपलेलं. बुडणाऱ्या गावातली एक बाई पोलिसांच्या कड्यामागून हात जोडून ओरडत होती, आणि तिच्याकडे पाठ करून, मंत्र्यांवर कॅमेरा रोखून एक तरुण उभा होता. आजोबांनी स्वतःला ओळखलं. माहितीपट संपल्यावर प्रेक्षकांतल्या कुणीतरी समोर आलेल्या दिग्दर्शिकेला फैलावर घेतलं, “यात दुसरी बाजू कुठे आहे?” ती उत्तर द्यायच्या आत आजोबा उभे राहिले. “दुसरी बाजू मी दाखवली होती. चाळीस वर्षं सगळ्यांनी तीच बघितली, मीसुद्धा.” मग त्यांनी तिला हळूच विचारलं, “त्या बाईंना पुढे घर मिळालं का हो?”