जपलेला डोळा

"उजेड बंद," उस्ताद म्हणाले आणि जीपमधला छोटा दिवासुद्धा विझला.

धाकटीनं डाव्या डोळ्यावरची काळी पट्टी चाचपली. शोधपथकात ती सगळ्यात लहान, म्हणून धाकटी. खरं नाव हजेरी घेतानाच काय ते कानावर पडायचं.

वृद्धाश्रमातले एक आजोबा दुपारी फिरायला म्हणून निघाले ते परतलेच नव्हते. त्यांची एक चप्पल जंगलाच्या तोंडाशी सापडली होती. पुढं दगडाची जुनी खाण होती, पाण्यानं तुडुंब भरलेली आणि बिनकठड्याची. आजोबा तिथं पोचायच्या आत त्यांना गाठायचं होतं.

"अंधारात बघायचं यंत्र कुठल्या डोळ्याला?" उस्तादांनी विचारलं.

"उजव्या."

"आणि डावा?"

"झाकलेला. यंत्राच्या हिरव्या उजेडानं उजवा दिपतो. त्याला पुन्हा अंधाराची सवय व्हायला अर्धा तास जातो. तोवर डावा कामाला येतो."

"पोपट छान बोलतो," उस्ताद म्हणाले.

अंधाराला सरावलेला डोळा जपायचा, या एका बाबतीत उस्ताद कुणाचं ऐकत नसत. शोधाच्या वेळी मोबाईल उघडून बघणाऱ्या एका गड्याला त्यांनी तिथूनच घरी पिटाळलं होतं. धाकटीनं त्यांचा शब्द इतका मनावर घेतला की कामाच्या दिवशी ती जेवायलाही पट्टी बांधूनच बसे. "लग्नात नवऱ्याकडे तरी दोन्ही डोळ्यांनी बघ गं बाई," आई म्हणायची.

उस्ताद स्वतः पट्टी लावत नसत. घुबडाला कसली आलीय पट्टी, असं पथकात म्हणत. शिकवायची तऱ्हाही त्यांची वेगळीच. समोर काय आहे ते कधी सांगायचे नाहीत, विचारायचे.

दुसरी जोडी ओढ्याच्या अंगानं गेली. खाणीची बाजू या दोघांकडे आली. यंत्र डोळ्याला लावून उस्ताद पुढं निघाले. मुळं, खड्डे, दगड असे चुकवत चालले की धाकटीची दमछाक झाली.

मग धुकं उतरलं. यंत्राचाच उजेड धुक्यावर आपटून उलट डोळ्यात यायला लागला. समोर नुसती हिरवी भिंत.

"यंत्र काढ," उस्ताद थांबून म्हणाले. त्यांनीही आपलं काढलं. "पट्टी सोड. आता तू पुढं."

त्यांनी मागून तिच्या पाठपिशवीचा पट्टा धरला. "घाई केलीस तर ओढीन."

धाकटीनं डावा डोळा उघडला. आधी काहीच नाही. मग झाडांचे बुंधे, मग राखाडी वाट. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. इतके दिवस जपलेला डोळा वाया गेला नव्हता.

"काय दिसतं?"

"वाट आहे. पुढं आडवं पडलेलं झाड."

"केवढं?"

"गुडघ्याइतकं."

"चल."

त्यांनी झाड ओलांडलं. तेवढ्यात पुढून कुणीतरी खोकलं. म्हाताऱ्या माणसाचा खोकला. धाकटीनं पाऊल उचललं आणि तसंच थांबवलं. समोर दोन फाटे होते, एक काळाकुट्ट, एक फिकट.

"उस्ताद, कुठून जायचं?"

"तू सांग."

धाकटीचं डोकं फिरलं. तिकडे माणूस मरणाच्या दारात आणि यांचं आपलं उंटावरून शेळ्या हाकणं चालूच. पण भांडायला वेळ नव्हता. शिकवल्याप्रमाणे तिनं नजर थेट न रोखता जराशी बाजूला धरली. फिकट फाटा हलकेच हलला.

"फिकट दिसतंय ते पाणी आहे. काळी ती वाट."

"खात्री?"

"हो."

"मग चल," उस्ताद म्हणाले, आणि तिच्या पाठोपाठ बेधडक निघाले.

आजोबा खाणीच्या काठावर पाय सोडून बसले होते. "रस्ता इथून पुढं जातो ना?" त्यांनी पाण्याकडे बोट दाखवून विचारलं. धाकटीनं त्यांना काखेत हात घालून मागं ओढलं आणि शिट्टी वाजवली.

शिट्टी ऐकून दुसरी जोडी आली. आजोबांना घोंगडीत गुंडाळून घेऊन गेली. काठापासून दूर, एका दगडावर हे दोघं टेकले.

"घाबरलीस?"

"नाही. तुमचा राग आला. भीती कसली? चुकीचा पाय पडला असता तर तुम्ही होतातच की मागं."

उस्तादांनी यंत्र पिशवीत ठेवलं.

"उद्यापासून रात्रीची तुकडी तू चालवायचीस. वरच्या साहेबांना मी सांगतो."

"आणि तुम्ही?"

"मी दिवसाची कामं बघेन."

"घुबडानं दिवसा काय करायचं?" धाकटी हसली.

उस्तादही हसले. "यंत्र काढलं की मला अंधारात काहीच दिसत नाही गं. बरीच वर्षं झाली. मघाशी तू पाण्यात पाय टाकला असतास, तर तुझ्यामागून मीही आलो असतो."